महागाई ०.२५ टक्के आणि महागाई भत्ता ५८ टक्के: फिरत्या मजकुरातला हिशेब

ऑक्टोबर २०२५ चा किरकोळ महागाई दर ०.२५ टक्के जाहीर झाला आणि तेव्हापासून एक मजकूर थोड्याफार फरकाने गटागटांत फिरतो आहे. त्याचा आशय असा. दूध, फी, भाडं दरवर्षी वाढतंय, मग महागाई शून्यावर येईलच कशी? सरकार फी, भाडं, पेट्रोल मोजतच नाही. भाव दिल्लीत बसून लिहिले जातात. टोपली, म्हणजे ज्या वस्तू-सेवांचे भाव मोजतात त्यांची यादी, २०११-१२ ची आहे, म्हणून महागाई कमी दिसते. स्वतःच्या कर्मचाऱ्यांना मात्र ५८ टक्के महागाई भत्ता. आणि ही दाबलेली महागाई वापरूनच जीडीपीची वाढ ८.२ टक्के दाखवली.

यातले बहुतेक मुद्दे चूक आहेत. टोपलीचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. जीडीपीच्या मुद्द्यात दम आहे, पण दुखणं ज्या जागी आहे तिथे मजकूर पोचतच नाही.

"किमती वाढतायत, मग महागाई शून्य कशी?"

महागाई दर म्हणजे किमतींची पातळी नव्हे. गेल्या वर्षी याच महिन्यात निर्देशांक किती होता आणि आज किती आहे, यातला टक्केवारीतला फरक म्हणजे दर. दर ६ वरून पाव टक्क्यावर आला तर भाव खाली आले असं होत नाही. ते चढायचे जवळपास थांबले, एवढंच. किमती किती चढल्या हे बघायचं तर निर्देशांक बघावा, आणि तो काहीच लपवत नाही. २०१२ साली १०० धरलेला हा निर्देशांक २०२५ च्या ऑक्टोबरात १९७ च्या आसपास होता. "तेरा वर्षांत सगळं दुप्पट झालं" ही तक्रार सरकारच्याच तक्त्यात छापलेली आहे.

भाज्यांचा हिशेब जास्त बोलका आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाज्या आदल्या वर्षापेक्षा सुमारे ४२ टक्क्यांनी महाग होत्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या सुमारे २७.६ टक्क्यांनी उतरल्या. म्हणजे २०२३ मध्ये १०० रुपयांना मिळणारी भाजी २०२४ मध्ये १४२ ला आणि २०२५ मध्ये साधारण १०३ ला. उणे २७ हा आकडा ऐकून भाजी फुकट झाली असं वाटतं. प्रत्यक्षात ती दोन वर्षांपूर्वीच्या भावाला परतली. आधीच्या वर्षाचा आकडा फुगलेला असेल तर पुढच्या वर्षीचा दर आपोआप पडतो. म्हणून भाज्या-डाळींसारख्या नाचऱ्या वस्तूंचा एका वर्षाचा दर एकटा वाचूच नये, दोन वर्षांचा जोडून वाचावा. त्या महिन्यात भर पडली ती २२ सप्टेंबरपासून लागू झालेल्या जीएसटी कपातीची.

"फी, भाडं, पेट्रोल धरतच नाहीत"

धरतात. डिसेंबर २०२५ च्या आकड्यापर्यंत चाललेल्या जुन्या मालिकेत (आधारवर्ष, म्हणजे १०० धरलेलं वर्ष, २०१२) शिक्षणाचा भार, म्हणजे एकूण घरखर्चातला धरलेला वाटा, ४.४६ टक्के, घरभाड्याचा १०.०७, वाहनाच्या पेट्रोलचा २.१९ आणि सोन्याचासुद्धा साधारण १.०८ होता. अन्न आणि इंधन वगळून काढतात तो "मूळ महागाई दर" हा वेगळा आकडा आहे. बातमीच्या मथळ्यात येतो त्यात दोन्ही असतात. दाव्यात खरं एवढंच की त्या मालिकेत ग्रामीण भागासाठी घरभाडं नव्हतं. घराची किंमत आणि कर्जाचा हप्ता मात्र मुद्दाम धरत नाहीत, कारण घर विकत घेणं ही गुंतवणूक मानली जाते आणि निर्देशांक मोजतो तो उपभोगाचा खर्च. पुण्यात फ्लॅट किती महागला याचं उत्तर इथे शोधू नये.

मग घरचा अनुभव वेगळा का? कारण भार. उदाहरण म्हणून शहरातलं चौघांचं एक घर घेऊ. महिन्याचा खर्च ६०,००० रुपये: भाडं १८,०००, किराणा-भाजी-दूध १५,०००, शाळा आणि क्लास १२,०००, पेट्रोल-मोबाईल ६,०००, औषधपाणी ४,०००, बाकी ५,०००. समजा वर्षभरात भाडं ८ टक्के वाढलं, अन्न २ टक्के उतरलं, शिक्षण १० टक्के वाढलं, पेट्रोल-मोबाईल जागेवर, औषधं ५ टक्के आणि बाकी ३ टक्के वर. भाड्यापायी १,४४० रुपये जास्त, अन्नात ३०० वाचले, शिक्षणात १,२०० जास्त, औषधात २००, बाकीत १५०. एकूण २,६९० रुपये, म्हणजे या घराची महागाई साडेचार टक्के.

आता हेच भाव शहरी निर्देशांकाच्या जुन्या भारांनी मोजा: अन्न ३६.३, भाडं २१.७, शिक्षण ५.६, वाहतूक-दळणवळण ९.७, आरोग्य ४.८, उरलेलं २१.९. उत्तर येतं २.५ टक्क्यांच्या आत. भाव तेच, कोणीही खोटं बोललं नाही, तरी दोन टक्क्यांचं अंतर पडलं, कारण या घरात शिक्षणाचा वाटा २० टक्के आहे आणि निर्देशांकात साडेपाच.

हे घर सरासरी नाहीच. २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात शहरी भागातला माणशी मासिक खर्च ६,९९६ रुपये निघाला, ग्रामीण भागातला ४,१२२. आपल्या उदाहरणात तो माणशी १५,००० आहे. उलट्या बाजूला, ग्रामीण निर्देशांकात अन्नाचा भार ५४ टक्के होता. शेतमजुराच्या घरात तो आणखी जास्त, म्हणून भाज्या-डाळी उतरल्या त्या महिन्यांत त्याची महागाई जाहीर आकड्याहूनही कमी असणार, आणि त्या भडकल्या की त्याची होरपळही आकड्यात दिसते त्याहून जास्त. मजकूर लिहिणाऱ्यांना हा माणूस सहसा आठवत नाही.

जाणवणारी महागाई वेगळी असते हे दडवलेलंही नाही. रिझर्व्ह बँक शहरांतल्या कुटुंबांना "आत्ता महागाई किती वाटते" असं विचारून उत्तर छापते. सप्टेंबर २०२५ च्या फेरीत ते ७ टक्क्यांच्या वर होतं.

"भाव दिल्लीत बसून लिहितात"

जुन्या मालिकेत ३१० शहरांतले १,११४ बाजार आणि १,१८१ गावं ठरलेली होती. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या क्षेत्रकार्य विभागाचे कर्मचारी ठरलेल्या दुकानात, ठरलेल्या आठवड्यात जातात आणि ठरलेल्याच वाणाचा, वजनाचा भाव नोंदवतात. नुसती "तूरडाळ" चालत नाही. पाच रुपयांचा पुडा पाचलाच राहिला पण ६० ग्रॅमचा ५० झाला, तर ग्रॅमला ८.३३ पैशांचे १० पैसे झाले. ती २० टक्के वाढ ठरते.

मग वेगवेगळ्या बाजारांतल्या वाढीची सरासरी काढतात ती साधी नव्हे, गुणोत्तर मध्य वापरून, म्हणजे आकड्यांची बेरीज न करता गुणाकार करून आणि त्याचं मूळ काढून. एका दुकानात भाव दुप्पट आणि दुसऱ्यात निम्मा झाला, तर साधी सरासरी २५ टक्के वाढ दाखवते. गुणोत्तर मध्य शून्य. एखाद्या विक्षिप्त नोंदीने सगळा आकडा ओढला जाऊ नये म्हणून हे.

चूक होते ती दुसरीकडे. दुकान बंद पडतं, वाण बाजारातून जातं, बदली वाण दर्जाने वेगळं निघतं. तेव्हा दरवाढ कुठली आणि दर्जातला फरक कुठला हे वेगळं काढणं कठीण जातं, सेवांच्या बाबतीत तर फारच. सरकारी कर्मचाऱ्यांचा घरभाडेभत्ता वाढला म्हणून जुलै २०१७ पासून काही महिने घरभाड्याचा निर्देशांक चढला, बाजारातलं भाडं तसं हललेलं नसताना. तेव्हा सरकारी आकड्याने महागाई जास्तच दाखवली.

दिल्लीत बसून आकडे लिहिता आले असते तर २०२० च्या एप्रिल-मेमध्ये अडचण आलीच नसती. टाळेबंदीच्या आधी, १९ मार्चपासून प्रत्यक्ष भेटी थांबल्या, फोनवर मिळाले तेवढे भाव आले, आणि त्या दोन महिन्यांचा सर्वसाधारण महागाई दर वेळेवर जाहीरच झाला नाही. नंतर अंदाजाने भरलेले निर्देशांक आले, तेही तसं सांगून.

"टोपली जुनी, म्हणून महागाई कमी"

टोपली जुनी होती हे शंभर टक्के खरं. २०११-१२ च्या खर्चावरचे भार २०२५ संपेपर्यंत चालले. व्हीसीआर आणि टेपरेकॉर्डर त्यात होते, ओटीटी नव्हतं. पण "म्हणून कमी" हे खरं नाही. जुन्या टोपलीत अन्नाला ४५.८६ टक्के भार होता. अन्न उतरतं तेव्हा अशी टोपली दर जास्त खाली ओढते, अन्न चढतं तेव्हा जास्त वर ढकलते. ऑक्टोबर २०२४ मध्ये अन्नमहागाई १०.८७ टक्के असताना जाहीर दर ६.२१ होता, नव्या भारांनी तो याहून कमी आला असता. फेब्रुवारी २०२६ पासून २०२४ आधारवर्षाची मालिका सुरू झाली, तिच्यात अन्नाचा भार ३७ टक्क्यांच्या जवळ आहे आणि ग्रामीण घरभाडंही आहे.

टोपली इतकी शिळी का झाली, हा प्रश्न मजकुरात हवा होता. २०१७-१८ मध्ये उपभोग खर्चाचं सर्वेक्षण झालं होतं. माहितीच्या दर्जाचं कारण देऊन सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये ते जाहीर न करण्याचा निर्णय घेतला. पुढचं सर्वेक्षण २०२२-२३ चं. त्यात प्रश्नावली तीन भागांत विभागून घरी तीन वेळा भेटी दिल्या, त्यामुळे २०११-१२ शी थेट तुलना करताना हात आखडता घ्यावा लागतो. गरिबी किती घटली याबद्दलचे निम्मे वाद इथूनच निघतात.

"मग महागाई भत्ता ५८ टक्के कसा?"

सगळ्यात जास्त टाळ्या घेणारा आणि सगळ्यात कच्चा मुद्दा. ५८ टक्के ही एका वर्षाची वाढ नाही. सातव्या वेतन आयोगाची वेतनश्रेणी १ जानेवारी २०१६ पासून लागू झाली; तेव्हापासून साचत आलेली ती वाढ आहे. सूत्र असं: औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकाची बारा महिन्यांची सरासरी काढा, २.८८ ने गुणून जुन्या आधारावर आणा, त्यातून २६१.४२ वजा करा, २६१.४२ ने भागा, शंभरने गुणा. २६१.४२ ही २०१५ सालची सरासरी. हा निर्देशांकही निराळा आहे: तो श्रम ब्युरो काढतं, आधारवर्ष २०१६, आणि भार कामगार कुटुंबांच्या खर्चाचे.

आता वार्षिक दर काढा. जुलै २०२४ चा भत्ता ५३ टक्के, जुलै २०२५ चा ५८. १५८ भागिले १५३ म्हणजे १.०३३. वर्षाला ३.३ टक्के, तेही बारा महिन्यांच्या सरासरीवर, म्हणजे मागे रेंगाळणारे. ०.२५ आणि ५८ शेजारी ठेवणं म्हणजे आजचा पाऊस आणि दहा वर्षांचा पाऊस शेजारी ठेवणं.

"दाबलेल्या महागाईवर जीडीपी फुगवला"

चालू किमतींतला जीडीपी किमतींच्या निर्देशांकाने भागला की स्थिर किमतींतला, म्हणजे "खरा" जीडीपी मिळतो. भाजक लहान तर वाढ मोठी, हे बरोबर. पण २०११-१२ च्या मालिकेत कारखानदारीसारख्या मोठ्या भागासाठी भाजक होता घाऊक किंमत निर्देशांक, मजकुरात ज्याच्यावर राग आहे तो किरकोळ नव्हे. दोष त्या निवडीत आणि एकाच भाजकाने भागण्यात होता.

समजा कारखाना १०० रुपयांचा माल विकतो, ६० चा कच्चा माल घेतो, मूल्यवर्धन (विक्रीतून कच्चा माल वजा करून उरतं ते, जीडीपीत हेच धरतात) ४०. पुढच्या वर्षी माल तेवढाच, भाव तोच, पण कच्चा माल १० टक्क्यांनी उतरून ५४ ला आला. मूल्यवर्धन ४६. तयार मालाचा भाव बदललेला नाही म्हणून भाजक १, आणि "खरी" वाढ निघाली १५ टक्के, जेव्हा एक खिळासुद्धा जास्त बनला नाही. दुहेरी पद्धतीत तयार माल आणि कच्चा माल आपापल्या भाजकाने भागतात: ५४ ला ०.९ ने भागून पुन्हा ६० होतात, १०० मधून वजा केले की ४०, वाढ शून्य. कच्चा माल महागला तर एकाच भाजकाची एकेरी पद्धत हाच घोळ उलट्या दिशेने करते, त्यामुळे याला कायमची फुगवाफुगवी म्हणता येत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने भारताच्या राष्ट्रीय लेख्यांना, म्हणजे जीडीपीच्या हिशेबांना, "सी" (उणिवा असलेली) श्रेणी दिली, त्यामागे जुनं आधारवर्ष, घाऊक निर्देशांकाचा वापर आणि ही एकेरी पद्धत होती. फेब्रुवारी २०२६ मध्ये आलेल्या २०२२-२३ आधारवर्षाच्या मालिकेत कारखानदारीसाठी दुहेरी पद्धत आणली आहे.

जुना आकडा संशयास्पद आहे का हे घरबसल्या तपासता येतं. चालू किमतींतल्या वाढीतून स्थिर किमतींतली वाढ वजा करा. जे उरतं ते साधारणपणे जीडीपीत धरलेली महागाई. मे २०२४ मध्ये जाहीर झालेल्या अंदाजानुसार २०२३-२४ साठी ९.६ आणि ८.२, म्हणजे १.३ ते १.४. त्याच वर्षी किरकोळ महागाईची सरासरी ५.४ होती आणि घाऊक उणे ०.७. कुटुंबांचा खर्च त्याच अंदाजात ४ टक्क्यांनीच वाढला होता. जुलै-सप्टेंबर २०२५ च्या तिमाहीत ८.७ आणि ८.२, उरले ०.५, पण तेव्हा किरकोळ महागाईही दीड-दोन टक्क्यांवर होती, त्यामुळे जीडीपीत धरलेली आणि किरकोळ महागाई यांच्यातली फट २०२३-२४ च्या मानाने बरीच लहान आहे.