अळणी आधी काढून ठेवा

आमच्या भावकीच्या ग्रुपवर गेल्या काही महिन्यांत एकच मेसेज चौघांनी टाकला. 'कोल्हापूरकरांनो, सावध व्हा!' अशी सुरुवात. मजकूर थोडक्यात असा: साखर सोडून गूळ खा, शुगर वाढत नाही, सैंधव वापरा, बीपीची गोळी सुटेल, चपाती-भात बंद करा, ज्वारीची भाकरी पोटभर खा, तेल घाण्याचं असेल तर मोजू नका, चटणीनं पोटात अल्सर होतो, दूध धारोष्णच प्या, उकळलं की त्यातला कस जातो, आणि तांबडा-पांढरा रस्सा घरातून हद्दपार करून पेशंटचा स्वयंपाक वेगळ्या भांड्यात करा.

आमच्या घरात मामांना, म्हणजे सासऱ्यांना शुगर, आत्तींना, म्हणजे सासूबाईंना बीपी, नवऱ्याचं कोलेस्टेरॉल वरच्या रेषेला टेकलेलं. शिवाय चौदा वर्षांचा पोरगा, त्याला काहीच झालेलं नाही आणि तो त्याचा पुरेपूर फायदा घेतो. या सगळ्यांचा स्वयंपाक मी करते, म्हणून मेसेज नुसता वाचून सोडता आला नाही.

गूळ आधी घेते, कारण तो आपला. मार्केट यार्डात गुळाचे रवे उतरताना बघत लहानाची मोठी झाले, कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आनंदही झाला. पण अभिमान वेगळा आणि शुगर वेगळी. गूळही उसाच्या रसाचाच आणि त्यातला मोठा वाटा साखरेचाच. शंभर ग्रॅम साखरेत साधारण चारशे कॅलरी, तेवढ्याच गुळात पावणेचारशेच्या वर. थोडं लोह मिळतं हे खरं, पण चहा लोह शोषू देत नाही, म्हणजे गुळाच्या चहात तोही हिशोब लंगडा. मामा साखर घालायचे तेव्हा अर्धा चमचा घालायचे. 'गूळ चालतो' म्हटल्यावर सुपारीएवढा खडा पडायला लागला. आता चहा बिनसाखरेचा आणि संक्रांतीला तिळाची एक वडी, तीही जेवणानंतर.

मिठावर जरा थांबते, कारण घोळ सगळा तिथंच आहे. सैंधवही मीठच. रंग गुलाबी असला तरी आत जवळपास सगळं सोडियम क्लोराइड, आणि बीपीला नडतं ते हेच सोडियम. वर बहुतेक सैंधवात आयोडीन घातलेलं नसतं, म्हणजे एक दुखणं जायचं नाही आणि दुसऱ्याला वाट करून द्यायची. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसानं दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. लहान चमचा, तोही सपाट. पाच माणसांचे पंचवीस ग्रॅम धरले तरी किलोची पुडी चाळीस दिवस पुरायला हवी. मी फोडलेल्या पुडीवर पेननं तारीख घातली. बाविसाव्या दिवशी तळ दिसला.

बरं, एवढं करून पुडीबाहेरचं मीठ मोजलेलंच नव्हतं. लोणचं, पापड, मिसळीवरचा फरसाण यांचं मीठ जिभेला कळतं. चटणीतलं कळत नाही. आमच्याकडं उन्हाळ्यात डंकावर चटणी, म्हणजे कालवणात घालायचं तिखट, कुटून आणतो: ब्याडगी, संकेश्वरी मिरची, तीळ, खोबरं, धणे, लसूण, तळलेला कांदा आणि किलोभर मिरचीला पाव किलो खडे मीठ. ते टिकण्यासाठी लागतं, काढा असं मी म्हणत नाही. पण कालवणात चटणी पडली की मीठ पडलंच, आणि आपण सवयीनं वरून पुन्हा घालतो. आता मी चटणी घालून उकळी आणते, चव बघते, मगच मिठाच्या डब्याला हात लावते. आत्तींना आधी पटलं नाही. 'मिठाचं काय मोजायचं गं, हातालाच कळतंय की,' म्हणाल्या. त्यांचा हात साठ वर्षांचा, बीपी आठ वर्षांचं!

दुकानात कमी सोडियमचं मीठही मिळतं. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं, मूत्रपिंड नाजूक असलेल्यांना आणि बीपीच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते बाधू शकतं, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. गोळी तर परस्पर बंद करूच नका, मेसेज काहीही म्हणो.

भाकरीचं तसं वाईट काहीच नाही. वरून तेल नाही, कोंड्यासकट पीठ, चावून खावी लागते म्हणून जेवण सावकाश होतं. चुकलंय ते 'पोटभर' या शब्दापाशी. मामांनी तीन चपात्यांऐवजी तीन भाकऱ्या सुरू केल्या आणि शुगर उतरायच्या जागी चढली. शेवटी मी वजनकाटा काढला. चपातीच्या एका गोळ्याला पस्तीस ग्रॅम पीठ, आमच्या परातीतल्या भाकरीला ऐंशी. तिनाला तीन म्हणजे एकशेपाचच्या जागी दोनशेचाळीस ग्रॅम पीठ. शंभर ग्रॅम ज्वारीत सत्तर ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, गव्हाच्या पिठातही जवळपास तेवढीच. धान्य बदललं खरं, पण ताटातलं पीठ दुपटीहून जास्त झालं. आता दीड भाकरी, शेजारी मुगाची नाहीतर मटकीची उसळ, मेथी किंवा अंबाडी, आणि कांदा-काकडी हवी तेवढी. आठवड्यातून दोनदा वाटीभर भातही असतो, आमटीबरोबर. शुगरची गोळी घेऊन भात-भाकरी दोन्ही टाकून देणं हा दुसरा टोकाचा प्रकार. मामांनी एकदा तोही करून बघितला आणि दुपारी चारला शुगर एकदम उतरून घामानं भिजले, हात थरथरत होते.

तेलाचं दोन ओळीत संपतं. घाण्याचं शेंगतेल चवीला छानच, पण एका ग्रॅमला नऊ कॅलरी, घाणा असो की रिफाइंड. माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण लिटर, एवढ्यात भागवायचा प्रयत्न असतो. दिवाळीत तो फसतो.

चटणी आणि अल्सर हा समज तर शास्त्रानं कधीच मोडलाय. बहुतेक अल्सर हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाच्या जंतूमुळं किंवा वेदनाशामक गोळ्यांच्या वापरामुळं होतात. ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर बॅरी मार्शल यांनी 1984 मध्ये तो जंतू स्वतः पिऊन बघितला, आणि त्यांना नि रॉबिन वॉरन यांना 2005 चं नोबेल मिळालं. ज्याला तिखटानं जळजळ होते त्यानं कमी खावं, बाकीच्यांना कोल्हापुरात राहून भ्यायचं कारण नाही.

दुधाचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. कोल्हापुरात गंगावेशीत म्हशीची धार काढून समोर ग्लास हातात देतात, मीही लहानपणी बाबांबरोबर उभी राहून प्यायलेय, ती चव विसरणार नाही. तरीही कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस (जनावरांपासून येणारा ताप) आणि गुरांचा क्षय माणसाला होऊ शकतो. घरात म्हातारी माणसं, लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर हा जुगार कशाला? उकळून प्रथिनं आणि कॅल्शियम जात नाहीत, काही जीवनसत्त्वं थोडी कमी होतात इतकंच. आणि म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो, तेव्हा कोलेस्टेरॉलवाल्यानं साय काढून प्यावं.

राहता राहिला वेगळ्या भांड्याचा सल्ला. तो मी दोन महिने पाळला. आत्तींच्या पुढं बिनमिठाचं पांढरंफटक वरण ठेवलं की त्या म्हणायच्या, 'मला दवाखान्यात घातलंय काय गं?' अर्धं जेवून उठायच्या. एक दिवस फळीमागं लोणच्याची बरणी सापडली.

आपल्याकडं याचा तोडगा मटण शिजतंय तेव्हापासून आहे. आधी अळणी होतं, म्हणजे मटण शिजवलेलं बिनतिखट पाणी. (नाव अळणी, मीठ असतंच, फक्त बेताचं.) मग त्याच पातेल्यातून एक वाटा तांबड्याला, एक पांढऱ्याला. म्हणजे एका भांड्यातून वेगवेगळी जेवणं काढायची रीत आपल्या हाताला आहेच, फक्त ती रविवारपुरती ठेवलीय. आता रोजच्या वरणातून फोडणीआधी आत्तींची वाटी निघते, त्यावर लिंबू, जिरं, कोथिंबीर. उसळीतूनही तसंच, चटणी पडायच्या आधी.

आणि पांढरा रस्सा सौम्य म्हणून पथ्याला चालतो असं समजू नका. नारळाचं दूध, काजू, खसखस, तीळ सगळं त्यातच. नवऱ्याला पांढरा अर्धी वाटी आणि तांबडा तर्री बाजूला सारून. अळणी मी शनिवारी रात्रीच करून फ्रीजमध्ये ठेवते. सकाळी वर चरबीचा पांढरा थर गोठलेला असतो, फोडणीच्या आधी तो निघून येतो. हे काम आत्तींनी स्वतःकडं घेतलंय, चमच्यानं कडेकडेनं खरवडतात. मागच्या रविवारी किलोभर मटणातून अर्धी वाटी भरली.