पैलवानाला कुणी शंभरपैकी मार्क देतं का?

दहावीच्या निकालानंतर आमच्या घरी दरवर्षी एकच भांडण. माझ्या वहिनी कोल्हापुरात हायस्कूलला मराठी शिकवतात, बोर्डाचे पेपर तपासतात, आणि मी इकडं इंग्लंडात लीड्सला प्राथमिक शाळेत मास्तर. यंदा विषय निघाला निबंधाचा. भाचीला 8 पैकी 5, तिच्या मैत्रिणीला 7, आणि दोन्ही निबंध वाचलेल्या माणसाला (म्हणजे मला) फरक दिसतच नव्हता.

मी म्हटलं वहिनी, आमच्याकडं आता निबंधाला मार्कच देत नाहीत. त्या म्हणाल्या, मग काय ओवाळता?

तर सांगतो काय करतो ते. स्क्रीनवर दोन पोरांचं लिखाण शेजारी शेजारी येतं, नावं नसतात, आणि प्रश्न एकच, यातलं सरस कुठलं. बटन दाबायचं, पुढची जोडी. कोल्हापुरात खासबागेच्या मैदानात कुस्तीची जोड लावतात तसंच की. पैलवानाला कुणी शंभरपैकी बहात्तर मार्क देत नाही, कुणी कुणाला पाडलं आणि पडलेला किती तगडा होता यावरनंच त्याची पत ठरते. इथं ते गणित कॉम्प्युटर करतो. कल्पना थर्स्टन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची, 1927 सालची. माणसाला एकटी वस्तू नीट मापता येत नाही पण दोन शेजारी ठेवल्या की डावं उजवं लगेच कळतं. मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला उभं राहिलेल्याला हे वेगळं शिकवायला नको.

वेळ फार जाईल असं वाटतं, पण 100 निबंध प्रत्येकी 10 वेळा बघायचे तर 500 जोड्या होतात, 10 शिक्षकांत वाटल्या की माणशी 50, आणि एका जोडीला अर्धा मिनिट धरलं तर अर्ध्या तासाच्या आत काम खल्लास. शिवाय एकाच मास्तरच्या मूडवर पोराचं नशीब नाही. कडक हाताचा असो की सढळ हाताचा, निवडायचं दोघातलंच, त्यामुळं तो कडकपणा निकालात उतरतच नाही. ‘नो मोअर मार्किंग’ म्हणून इंग्लंडात एक संस्था हे चालवते, सरकारी सक्ती नाही, शाळा आपणहून येतात.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न टाकला. ‘भावजी, पालक झेरॉक्स घेऊन आला आणि विचारलं माझ्या लेकीचे 3 मार्क कुठं गेले, तर काय सांगू? दुसरीचा निबंध बरा होता म्हणून?’

इथं मी गपगार. कारण खरंच उत्तर नाही. आपल्याकडं बोर्ड उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी देतं, फेरतपासणी मागता येते, तो हक्क पोरांचाच आहे आणि तो घालवून बसणं मला तरी पटत नाही. शिवाय दहावीला 15 लाखाच्या वर पोरं बसतात, म्हणजे एका निबंधापायी 75 लाख जोड्या, कोण बघणार. आणि आमच्याकडंही सगळं गोड नाहीच हं, अर्ध्या मिनिटात डोळा फसतो, अक्षर टपोरं आणि दोन पानं जास्त असली की हात तिकडंच जातो, माझाही गेलाय.

म्हणून बोर्डाच्या पेपरला हे लावा असं मी म्हणणार नाही. पण शाळेच्या हातात 20 मार्क असतात ना, जिथं सगळ्यांनाच 18-19 वाटून मोकळं होतात, तिथलं लेखन आणि घटक चाचण्यांचे निबंध, तिथं लावा की. पोराला मार्काऐवजी पुढं काय सुधारायचं ते बोलून सांगा. आणि मला तर मार्कापेक्षा दुसरंच महत्त्वाचं वाटतं, शाळेतले चार शिक्षक एकाच जोडीवर भांडतात तेव्हाच कळतं की चांगला निबंध म्हणजे प्रत्येकाच्या डोक्यात काय आहे. आमच्या स्टाफरूममध्ये पहिल्या दिवशी जे वाजलं ते बघायला पाहिजे होतं, एकीला शुद्धलेखन प्यारं, मला कल्पना, आणि वीस वर्षं शेजारी बसून कुणी हे बोललंच नव्हतं.

वहिनी अजून तयार नाहीत. पण दिवाळीला मी येतोय तर सहामाहीचे 40 निबंध नावं झाकून ठेवते म्हणाल्यात, सॉफ्टवेअर नको, चिठ्ठ्या टाकून जोड्या काढू. फक्त अट घातलीय की आधी त्या लाल पेननं मार्क देऊन ते पाकिटात बंद करणार, आणि मार्कांवरनं लागलेला त्यांचा क्रम चुकला तर तांबडा पांढरा रस्सा त्या करतील, जोड्यांवरनं लागलेला माझा चुकला तर भांडी मी घासायची.