मामा, ती टूटीची बाटली खाली ठेवा

परवा भर दुपारी कऱ्हाडहून मामांचा फोन आला. मागे पेट्रोल पंपावरचा गोंगाट. "अरे, टूटी ऑइल आधी ओतायचं की पेट्रोल भरल्यावर?" टूटी म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाच्या पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल, म्हणून मला वाटलं, शेतातल्या ग्रास कटरचं विचारतायत. कसलं काय! दसऱ्याला घेतलेल्या कोऱ्या टर्बो पेट्रोल गाडीच्या टाकीत ओतायला मामा बाटली हातात घेऊन उभे होते. फॅमिली ग्रुपवर ‘एका निवृत्त सर्व्हिस मॅनेजरचा कळकळीचा सल्ला’ आला होता ना.

तो तुमच्याकडेही फिरत आला असेल. मजकूर थोडक्यात असा: तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन म्हणजे अर्धं इंजिन, 60 हजार किलोमीटरला बसणार. सकाळी दहा मिनिटं आणि बंद करण्याआधी पाच मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवा. कंपनीचं पातळ ऑइल काढून जाड, 20डब्ल्यू-50 ग्रेडचं टाका. दर टाकीला 200 मिली टूटी घाला, म्हणजे टर्बोला ‘वंगण’ मिळेल. कंपनी सांगते ते मायलेज खोटं. शेवटी जोडलेले हात आणि ‘दहा जणांना पाठवा’.

टूटीपासूनच सुरुवात करतो. ही कल्पना कुठून आली ते कळतं. मामांनी वीस वर्षं चेतक चालवली. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण क्रँककेसमधून, म्हणजे पिस्टनखालच्या पोकळीतून, जातं, तिथे वेगळं ऑइल साठवलेलं नसतं, म्हणून बेअरिंग आणि पिस्टनला वंगण मिळायला ते पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. चेतक, लुना, जुन्या रिक्षा, सगळ्यांचं हेच. पण गाडीचं इंजिन फोर-स्ट्रोक आहे. त्याचं ऑइल खाली संपमध्ये, म्हणजे तळाच्या भांड्यात, असतं आणि पंप ते दाबाने सगळीकडे पोचवतो, टर्बोच्या बेअरिंगलासुद्धा. टर्बोचं एक चाक धुराड्याकडे जाणाऱ्या गरम वायूवर फिरतं, दुसरं हवा आत ढकलतं आणि मधल्या बंद घरात त्यांचा दांडा इंजिन ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो, मिनिटाला दोन लाखांच्या घरात फेरे घेत. त्या घरात पेट्रोल जातच नाही. टाकीत ओतलेली टूटी तिथे पोचणार कशी? पोचलीच तर जळून काजळी म्हणून, तीही चाकावर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

"टर्बोला नाही तर नाही, व्हॉल्व्हना तरी फायदा होईल," मामा म्हणाले. मामांच्या गाडीत डायरेक्ट इंजेक्शन आहे. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, हवा आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हला ते शिवतही नाही. अशा इंजिनांत त्या व्हॉल्व्हवर काजळी साचते हे खरं, पण ती नेमकी याच कारणाने साचते, आणि याच कारणाने टाकीत ओतलेलं काहीही ती धुऊ शकत नाही. (सगळ्या टर्बो गाड्या अशा नसतात. नेक्सॉन ज्या 1.2 टर्बोमुळे लोकांच्या ओळखीची झाली, त्यात पेट्रोल व्हॉल्व्हच्या अलीकडेच फवारलं जातं. मेसेजवाल्याला हा फरक ठाऊक असेल असं वाटत नाही.)

आता नुकसान. छोट्या टर्बो इंजिनांना एक खास दुखणं आहे: कमी आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला फेरे कमी असताना) जास्त भार पडला की कधी कधी स्पार्क पडायच्या आधीच मिश्रण पेटतं. दाब एकदम चढतो, मोठा दणका बसतो, पिस्टनच्या रिंगांच्या मधल्या कडा तुटू शकतात. ठिणगी बऱ्याचदा पडते ती पिस्टनच्या कडेला साचून वर उडालेल्या ऑइलच्या थेंबामुळे. ऐकलंत ना? ऑइलच्या थेंबामुळे. हे मी पंक्चरवाल्याकडून ऐकलेलं नाही. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, म्हणजे ऑइलच्या डब्यावर ज्याचा गोल शिक्का असतो ते एपीआय, त्यांनी या एका दुखण्यापायी 2018 मध्ये ‘एसएन प्लस’ हा वेगळा दर्जा काढला आणि 2020 च्या ‘एसपी’ दर्जात त्या दुखण्याची चाचणी कायम ठेवली. ऑइलमधल्या कॅल्शियममुळे ही वेळेआधीची पेट वाढते असं दिसल्यावर ऑइल बनवणाऱ्यांनी ते कमी करून मॅग्नेशियम आणलं. ऑइलचा एकेक थेंब पेटू नये म्हणून सगळ्या जगाने ऑइलची कृती बदलली, आणि आपले कळकळीचे मॅनेजर 200 मिली ऑइल मुद्दाम ज्वलनात घालायला सांगतात! शिवाय ऑइल मिसळलं की पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे भलत्या वेळी न पेटण्याची ताकद, उतरतो आणि नॉकिंगला, म्हणजे इंजिनातल्या ठोक्यांना, आणखी आमंत्रण. स्पार्क प्लग आणि धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर राख बसते ती वेगळीच.

दुसरा नंबर पातळ ऑइलचा. जाड ऑइल म्हणजे जास्त संरक्षण, हे आपल्याकडे फार मुरलेलं आहे. सकाळी थंड इंजिन सुरू झाल्यावर टर्बोपर्यंत ऑइल झटकन पोचायला हवं आणि बेअरिंगमधली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायची. तिथे 20डब्ल्यू-50 सावकाश पोचतं. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड छापलाय तोच टाका, डब्यावर एसपी किंवा त्यापुढचा दर्जा बघा, संपलं. वॉरंटीचा क्लेम करताना सर्व्हिस सेंटर पहिलं काय विचारतं ते वेगळं सांगायला नको.

गाडी जागेवर चालू ठेवण्याच्या सल्ल्यात मात्र अर्धं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. जुन्या टर्बोंना फक्त ऑइलचाच गारवा असे. पळवून आणून पटकन किल्ली फिरवली की आतलं ऑइल तिथेच करपायचं. आता टर्बोभोवती कूलंट फिरतं, आणि बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही छोटा विजेचा पंप ते फिरवत राहतो. खंबाटकी चढून वर लगेच चहाला थांबलात तर अर्धा-एक मिनिट इंजिन चालू राहू द्या. गावातून हळू येऊन दारात थांबलात तर तेवढीही गरज नाही. सकाळची दहा मिनिटं तर उलटी बाधतात. थंड इंजिन जास्त पेट्रोल मागतं, त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतींवरून खाली ओघळून ऑइलमध्ये मिसळतं, ऑइल पातळ होतं. म्हणजे ज्या पातळ ऑइलची यांना भीती, ते हेच घरी तयार करणार. बंद गॅरेजमध्ये हा प्रकार केलात तर धूर जिवावर बेतेल. सुरू करा, हळू निघा, तापमानाचा काटा वर येईपर्यंत अॅक्सिलरेटर दाबू नका.

तीन सिलिंडर म्हणजे अर्धं इंजिन? मामा, 1983 साली आलेल्या मारुती 800 ला किती सिलिंडर होते? तीन. 796 सीसी. तीच गाडी तुम्ही चौदा वर्षं वापरलीत आणि विकताना डोळे पुसलेत. इंजिन लहान का झालं, याचं उत्तरही गूढ नाही. 2006 पासून 4 मीटरच्या आतली गाडी आणि 1200 सीसीच्या आतलं पेट्रोल इंजिन यांना करात सवलत आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून अशा गाडीला 18 टक्के जीएसटी, मोठीला 40. दसऱ्याला मामांचे जे पैसे वाचले ते याच नियमामुळे.

मेसेज अगदीच हवेतून आलाय असंही नाही. फोर्डच्या 1 लिटर इकोबूस्टला 2012 पासून सलग तीन वर्षं जगातल्या सर्वोत्तम इंजिनाचा किताब मिळाला, आणि त्याच इंजिनाच्या ऑइल पंपाच्या बेल्टच्या टेन्शनरपायी (बेल्ट ताणून धरणाऱ्या भागापायी) 2023 च्या डिसेंबरात अमेरिकेत सुमारे 1 लाख 40 हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. ऑइलचा दाबच जायचा. पण तो दोष टर्बोचा नव्हता, तीन सिलिंडरचाही नव्हता.

मायलेजचं जवळपास बरोबर आहे. एआरएआय, म्हणजे गाड्यांची चाचणी घेणारी संस्था, तिची चाचणी ठरावीक, शांत चालीची असते, कमाल वेग ताशी 90 किलोमीटर. त्या चालीत टर्बोला फारसं कामच पडत नाही. माझ्याच गाडीला सिंहगड रोडवर संध्याकाळी 11 पडतो आणि साताऱ्याला जाताना 18. पाय जड असेल तर टर्बो पेट्रोल पितो, हे विकणारा सांगत नाही.

मामांना एक गोष्ट मात्र खरंच बदलायला हवी, आणि ती मेसेजमध्ये नव्हतीच. 800 च्या सवयीने ते पाचव्या गिअरमध्ये 1300 आरपीएमवर घाट चढवतात, ‘पेट्रोल वाचतं’ म्हणून. वर सांगितलेला दणका बसायची हीच जागा. तिसरा टाका, आरपीएम वर राहू द्या.

फोन येईपर्यंत अर्धी बाटली आत गेली होती म्हणे. टाकी फुल्ल करायला सांगितली. एवढ्याने काही होत नाही. उरलेली ग्रास कटरला लावली.