भोसरीच म्हणायचं, आणि खिदळायचं नाही

परवा पुन्हा तेच झालं. मशीनवर धातू कापायच्या इन्सर्टचे, म्हणजे छोट्या पात्यांचे, दहा डबे हवे होते म्हणून एका वितरकाकडं फोन केला. पलीकडं हिंदी बोलणारा तरुण पोरगा. जीएसटी नंबर घेतला, पार्टीचं नाव घेतलं, मग म्हणाला, "मॅडम, ॲड्रेस बताइए." मी सांगितलं, एमआयडीसी, जे ब्लॉक, भोसरी. क्षणभर शांतता. मग नाकातून दाबलेलं हसू. मग, "मॅडम, फिर से बोलिए?" मी पुन्हा सांगितलं. या वेळी मागं दुसराच कुणीतरी खिदळला. म्हणजे त्यानं फोन स्पीकरवर टाकला होता. माझ्याच तोंडून माझ्या गावाचं नाव दोनदा वदवून घेतलं, शेजारच्या मित्राला ऐकवायला!

एकवीस वर्षं मी या वर्कशॉपचं डिस्पॅच आणि हिशेब बघते. चलन, ई-वे बिल, ट्रान्सपोर्टवाल्याला गेटचा पत्ता, कुरियरवाल्याला खुणा. दिवसातून दहा-पंधरा वेळा तरी हे नाव फोनवर घ्यावं लागतं, आणि त्यातल्या दोन-तीन वेळा तरी पलीकडून ते हसू येतं. आमच्या स्टोअरचा माणूस म्हणतो, "ताई, लक्ष नका देऊ, माझ्याशी पण हसतात." हसत असतील. पण त्याच्याशी हसतात तेव्हा दोन गडी मिळून हसतात आणि विषय संपतो. माझ्याशी बोलताना त्या हसण्यात वेगळाच चिकटपणा असतो. बाईच्या तोंडून असा शब्द ऐकायला मिळाला, याची मजा असते ती. ही मजा मला कळते. कुठल्याही बाईला कळते. आणि मी काही बोलले, तर तो लगेच म्हणणार, मैंने क्या बोला मॅडम, नाम तो आपने लिया.

हो, मी घेतलं. माझ्या गावाचं नाव आहे ते.

त्यांना जी शिवी ऐकू येते, ती मी इथं लिहिणार नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्यात ड आहे आणि आमच्या गावात र आहे. हिंदीत शब्दाच्या मध्ये येणारा ड जीभ उलटून फटकारतात, तो र च्या जवळ जातो, म्हणून त्या कानाला घोटाळा होतो. मराठी कानाला होत नाही. आम्ही लहान होतो तेव्हा गावात कुणाला या नावात काही वावगं आहे, याची कल्पनासुद्धा नव्हती. जुनी माणसं गावाचं मूळ नाव भोजापूर सांगायची, भोजराजाशी नातं जोडायची. भैरवनाथाची यात्रा, बैलगाड्यांचा घाट, तालमीतली पोरं, हे भोसरी होतं. साठच्या दशकात एमआयडीसी आली, तिच्यात माझ्या आजोबांची बाजरीची जमीन गेली. आज ज्या शेडमधून मला तो फोन करावा लागतो, ती तसल्याच कुणाच्यातरी शेतावर उभी आहे. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका झाली. नाव दोघांचंच लागलं, पिंपरी-चिंचवड. त्याचा राग आजोबांना होता. मला वाटायचं, म्हातारा उगाच चिडतो. आता वाटतं, बरोबर चिडत होते.

मेट्रो सुरू झाली २०२२ मध्ये. नाशिक फाट्यावरच्या स्टेशनाला भोसरी नाव दिलं. गाव तिथून लांब आहे, तो वाद वेगळा. मी पहिल्यांदा बसले तेव्हा कौतुकानं बसले होते, सासूबाई बरोबर होत्या. डब्यात घोषणा झाली आणि समोरच्या चार पोरांनी एकमेकांना कोपरं मारली. एकानं मोबाइल काढून घोषणा रेकॉर्ड केली. सासूबाईंनी विचारलं, का गं हसतायत? काय सांगणार त्यांना? सत्तरी ओलांडलेल्या बाईला, जिनं सगळा संसार या गावात केला, तिला त्या नावाचा तो अर्थ मी समजावून सांगू? मी म्हटलं, काही नाही आई, पोरं आहेत.

आणि हे एकट्या आमचंच नाही, म्हणून जास्त चीड येते. माझी एक मैत्रीण लग्न होऊन चोडणकर झाली. चोडण हे मांडवी नदीतलं बेट, रायबंदरहून फेरीबोटीनं जायचं, तिथं सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. चूडामणीवरून हे नाव आलं असं तिकडं मानतात. केवढं सुंदर नाव! पण रोमन लिपीत ड आणि द ला एकच अक्षर. त्यामुळं ती मुंबईत नोकरीला लागली तेव्हा ओळखपत्रावरचं तिचं आडनाव लोक हिंदीतल्या घाणेरड्या क्रियापदासारखं वाचायचे. पहिल्या आठवड्यात तिनं गळ्यातलं कार्ड उलटं फिरवून ठेवायला सुरुवात केली. आसाममधल्या एका समाजाची कथा तर याहून वाईट आहे. सदियाला त्यांचं राज्य होतं, सोळाव्या शतकात आहोमांनी ते जिंकेपर्यंत. आपल्या समाजाचं नाव ते स्वतः सुतिया असं उच्चारतात, पण रोमन लिपीत ते च नं लिहिलं जातं. एका बड्या समाजमाध्यमानं त्यांच्या लोकांची खातीच बंद केली होती, आडनाव खोटं आणि अश्लील म्हणून. शेकडो वर्षांच्या नावाला परीक्षेत नापास कुणी केलं, तर हिंदी शिव्यांच्या यादीनं.

ऑस्ट्रियात एक चिमुकलं खेडं होतं, फुकिंग. इंग्रजीत ते कसं वाचलं जातं, ते सांगायला नको. प्रवासी यायचे, पाटीखाली फोटो काढायचे, पाट्या चोरून न्यायचे. गावकऱ्यांनी पाट्या सिमेंटनं पक्क्या केल्या, तरी त्रास चालूच. शेवटी कंटाळून त्यांनी जानेवारी २०२१ पासून नावच बदललं, फुगिंग केलं. ही बातमी आमच्या ग्रुपवर हसण्याच्या बाहुल्या लावून फिरली. मला वाचून रडू आलं. मूठभर माणसांनी शेकडो वर्षांचं नाव टाकून दिलं, कारण परक्या भाषेतल्या माणसांना पाच मिनिटांची गंमत हवी होती. उद्या आमच्याही गावात कुणीतरी भोजापूर करा म्हणेल. भोजापूर म्हणायला माझी काहीच हरकत नाही, आजोबांचाच शब्द आहे तो. पण लाजेपोटी करायचं असेल तर अजिबात नको.

हिंदीवाल्यांना एकट्यांना का बोलू? आपली मराठी माणसं काय कमी आहेत? बडोद्याजवळ पादरा नावाचं गाव आहे. आमच्या वर्कशॉपचा माल तिकडं जातो. ई-वे बिलावर ते नाव आलं की ऑफिसात दरवेळी खसखस पिकते, तीच ती, वर्षानुवर्षं. गुजराती माणसाला त्या शब्दात काही दिसत नाही. मी एकदा ओरडले, तर म्हणाले, ताई, तुम्ही तरी भोसरीच्या, तुम्ही तरी हसा. म्हणजे आमच्यावर हसतात म्हणून आम्ही पादऱ्यावर हसायचं. हा कुठला न्याय?

पुण्याच्या पेठांत बघा. खुन्या मुरलीधर, जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, पासोड्या विठोबा, उपाशी विठोबा, भिकारदास मारुती. या नावांचं केवढं कौतुक! लोक गटागटानं ती देवळं बघायला जातात, कुणीतरी माहिती सांगतं, भिकारदास हे सावकाराचं नाव होतं, पासोड्यांचा बाजार भरायचा म्हणून पासोड्या विठोबा, देवळावर पत्रा म्हणून पत्र्या मारुती. सगळे माना डोलावतात. चांगलंच आहे, नावामागचं कारण विचारावं. मग नदी ओलांडून आलं की तीच उत्सुकता कुठं मरते? पेठेतलं नाव विचित्र असलं की तो वारसा, आणि कारखान्यांच्या गावाचं नाव परक्या कानाला विचित्र लागलं की तो चेष्टेचा विषय! पुण्यातलीच माणसं, मराठी माणसं, लग्नात भेटली की विचारतात, "कुठं, भोसरीला?" आणि ओठ दाबतात. यांना अर्थ माहीत आहे, उच्चार माहीत आहे, गावही माहीत आहे. तरी हसतात. हिंदी बोलणाऱ्या त्या पोराला मी एक वेळ सोडून देईन, यांना नाही.

सगळ्यांत जास्त लागलं ते घरात. लेक इंजिनिअर झाली, मागच्या महिन्यात बंगळूरच्या कंपनीची मुलाखत होती, लॅपटॉपवर. मी स्वयंपाकघरात होते. मुलाखत घेणाऱ्यांनी तिला विचारलं, कुठं राहता. ती म्हणाली, पुणे. पुण्यात कुठं? "नियर नाशिक फाटा." माझ्या हातातली पोळी तव्यावर तशीच राहिली. नंतर विचारलं तर म्हणाली, "आई, मुलाखतीत कुणी हसलं असतं तर मी पुढचं बोलू शकले नसते." तिला मी काय बोलणार? मैत्रिणीनं कार्ड उलटं फिरवलं, लेकीनं फाटा सांगितला. बिल्डरसुद्धा जाहिरातीत मोशीजवळ, नाशिक रस्त्यालगत असंच लिहितो. इथं जन्मलेल्या, इथल्या शाळेत शिकलेल्या पोरीनं स्वतःच्या गावाचं नाव तोंडातल्या तोंडात गिळलं, आणि ते तिला गिळायला लावणारे मजेत हसत बसलेत.

म्हणून परवा मी फोन ठेवला नाही. त्या पोराला हिंदीतच म्हटलं, बेटा, जे ऐकून हसलास ते माझ्या गावाचं नाव आहे, ऑर्डर कॅन्सल कर. तो सॉरी मॅडम, सॉरी मॅडम करत राहिला. शेठनी विचारलं, इन्सर्ट कुठं आहेत, व्हीएमसी मशीन थांबेल. खरं ते सांगितलं. ते काही बोलले नाहीत, फक्त दुसऱ्या वितरकाचा नंबर दिला. तिथंही हिंदीच बोलणारा होता. पत्ता विचारला. मी म्हटलं, लिहून घ्या, जे ब्लॉक, भोसरी, ४११०२६. त्यानं लिहून घेतलं, एकदा नीट वाचून दाखवलं, आणि विचारलं, मॅडम, माल कधीपर्यंत हवाय?