‘रडू द्या, छाती मोकळी होते’ म्हणे

काल रात्री साडेअकराला ताईचा मेसेज आला, "अरे, हे खरं आहे का? मग परवाचं ऑपरेशन पुढे ढकलू?" सोबत एक फॉरवर्ड. भाच्याचं हर्नियाचं ऑपरेशन आहे, वय वर्षं 4. मी भूलतज्ज्ञ, पण आमच्या घरात फॉरवर्डचं वजन माझ्यापेक्षा जास्त.

त्यातले दावे असे: लहान मुलांना दुखणं फारसं जाणवत नाही, उलट रडल्याने छाती मोकळी होते, माकडहाडाजवळच्या इंजेक्शनने जन्माची कंबर जाते, आणि त्या इंजेक्शनात डॉक्टर ‘गुंगीची भेसळ’ करतात, त्याने मेंदू मंद होतो.

पहिला दावा वाचून खरंच संताप आला, कारण एके काळी डॉक्टरसुद्धा असंच मानायचे. 1980च्या दशकापर्यंत कित्येक नवजात बाळांना स्नायू लुळे करणारं औषध आणि थोडा नायट्रस (हलकी भूल देणारा वायू), एवढ्यावरच टेबलावर घेत. बाळ हलत नसे, म्हणून दुखत नाही असं समजायचं! 1987 साली के. जे. एस. आनंद आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवलं की फेंटानिल हे जोरदार वेदनाशामक मिळालेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शरीरावर ऑपरेशनचा ताण कमी पडतो आणि गुंतागुंतही कमी होते. आणि छाती मोकळी? जांघेत टाके दुखणारं मूल पाय पोटाशी घेऊन पडतं, वरवरचा श्वास घेतं, खोकला आला तरी दाबतं. छाती भरते ती अशाने.

कंबरेचं थोडक्यात. माकडहाडाजवळचं हे इंजेक्शन म्हणजे कॉडल ब्लॉक, कंबरेखालच्या नसा तात्पुरत्या बधिर करणारं. त्याची सुई माकडहाडाच्या वर, मज्जारज्जू संपतो त्याच्या बरीच खाली जाते. पीडियाट्रिक रीजनल अ‍ॅनेस्थेशिया नेटवर्कने 2018 साली मुलांच्या 1 लाखाहून जास्त ब्लॉकची नोंद छापली. नसांना कायमची इजा एकालाही नव्हती.

आता ‘भेसळ’. ब्लॉकमधलं बधिर करणारं औषध म्हणजे ब्युपिव्हाकेन; नुसत्या त्याचा असर 4 ते 6 तास. म्हणजे सकाळी ऑपरेशन झालं की दुपारी रडारड सुरू. त्यात मुलाच्या वजनाच्या किलोमागे 1 ते 2 मायक्रोग्रॅम क्लोनिडीन (असर लांबवणारं जोड-औषध, हीच ती ‘भेसळ’) घातलं तर साधारण 3-4 तास वाढतात. मूल थोडं जास्त झोपतं, हे खरं. झोपाळू आणि मंद यातला फरक फॉरवर्डवाल्याला कळत नसेल, तर त्यानेही जरा झोप काढावी.

एक मात्र नाइलाजाने मान्य करतो. सगळीच औषधं सगळ्यांना चालत नाहीत. मॉर्फिन घातलं तर श्वास कित्येक तासांनी मंदावू शकतो, म्हणून रात्रभर लक्ष ठेवावं लागतं. क्लोनिडीनने अगदी तान्ह्या बाळाचा श्वास अडू शकतो. केटामीन या भुलीच्या औषधाने उंदरांच्या पिल्लांच्या मज्जारज्जूतल्या पेशी मेल्याचं दिसलंय, म्हणून मी ते कॉडलमध्ये घालत नाही. पण हे काही फॉरवर्डमध्ये नव्हतंच.

ताईला सांगितलं, भूलतज्ज्ञांना विचार की ब्लॉकमध्ये काय घालणार आणि असर किती तास राहील. पॅरासिटामॉल त्यांनी दिलेल्या वेळेलाच दे, बधिरपणा जायच्या आधी; रडायला लागल्यावर नाही. आणि पहिल्यांदा बाथरूमला नेताना हात सोडू नकोस, पाय जड असतील.

"बरं" म्हणाली. दहा मिनिटांनी परत मेसेज: तो फॉरवर्ड तिने आणखी तिघींना पाठवलाय, आता काय करू? हे त्या तिघींसाठी.