कावळ्यांचा ‘मर्डर’ आणि मराठीची गरिबी

सांगलीला राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीने गेल्या आठवड्यात ‘इंग्रजीची श्रीमंती’ नावाचा एक लांबलचक संदेश घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला आणि त्याच्याच भरवशावर सातवीतल्या भाचीच्या भाषणातून ‘पोपटपंची’ हा शब्द गावंढळ म्हणून खोडला, तेव्हा मात्र गप्प बसणे मला जमले नाही. संदेशाचे म्हणणे असे की, इंग्रज माणूस प्राण्यांच्या नावांवरून गमतीदार नामे घडवून ती रोज वापरतो, तर मराठी माणसाला प्राणी आठवतो तो केवळ शिवी देताना.

त्यातल्या किरकोळ थापा आधी उरकतो. पाठंगुळीला ‘पिगीबॅक’ म्हणतात ते डुकरे पिलांना पाठीवर घेतात म्हणून नव्हे. ‘पिक-अ-बॅक’ या जुन्या शब्दाचा उच्चार बदलत गेला आणि डुक्कर त्यात मागाहून शिरले. ‘हॉट डॉग’मध्ये कुत्र्याचे मांस असते हेही खोटे, मात्र त्या मांसावरून केलेल्या थट्टेतूनच १८९०च्या दशकात अमेरिकी विद्यार्थ्यांत हे नाव रुळले, एवढे मान्य करावे लागते.

कावळ्यांच्या थव्याला इंग्लंडमध्ये रोजच्या बोलण्यात ‘मर्डर’ म्हणतात, हा दावा संदेशात सर्वांत ठळक अक्षरांत आहे. असल्या समूहवाचक नामांची सर्वांत प्रसिद्ध यादी १४८६ साली छापलेल्या ‘बुक ऑफ सेंट आल्बन्स’ या शिकारीवरील ग्रंथात आहे, आणि तिच्यात पशुपक्ष्यांच्या जोडीला जोगिणींच्या समूहासाठी ‘अतिरेक’ आणि न्यायाधीशांच्या समूहासाठी ‘शिक्षा’ अशा अर्थाचे शब्दही दिलेले आहेत. यावरून हा सरदारी थाटाचा शब्दखेळ होता हे कोणाच्याही ध्यानात यावे. कावळ्यांचा ‘मर्डर’ही त्याच पंधराव्या शतकातला. आजचा सामान्य इंग्रज कावळ्यांना सरळ ‘फ्लॉक’ म्हणतो. ‘मर्डर’ उरला आहे तो प्रश्नमंजूषेपुरता.

राहिला मराठीच्या गरिबीचा मुद्दा, आणि खरा संताप त्याचाच आहे. माकडचाळे, मगरमिठी, गरुडझेप, कोल्हेकुई, टोळधाड, सिंहावलोकन, बकध्यान हे शब्द कोणत्या शिवीकोशातले आहेत? इंग्रजीत ‘हॉर्स’ जोडला की वस्तू मोठी किंवा राकट होते, जसे ‘हॉर्सरॅडिश’ हे मुळ्यासारखे झणझणीत मूळ. नेमके तेच काम मराठीत ‘घोड’ करतो, म्हणून चूक मोठी असेल तर ती घोडचूक आणि लग्नाचे वय उलटून गेलेली मुलगी घोडनवरी. (दुसरा शब्द दुष्ट आहे, पण घडण तीच.) निवडणुका आल्या की वर्तमानपत्रांत दिसणारा ‘घोडेबाजार’ मला इंग्रजीवरून उसना घेतलेला वाटतो, तेव्हा तेवढा एक शब्द मी संदेशकर्त्याला सोडून देतो. ‘पोपटपंची’ मात्र सोडणार नाही, कारण अर्थ न कळता पाठ केलेले घडाघडा म्हणून दाखवण्याला याहून नेमका शब्द भाचीला मिळाला नसता, आणि तिचे भाषण पाठांतराविरुद्धच होते.

हे सगळे मी बहिणीला फोनवर सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “अरे दादा, बँक, घर, आईचा दवाखाना, नुसती कुतरओढ चाललीय माझी, तो मेसेज मी पुरता वाचलासुद्धा नव्हता.”