भाषा सुंदर आहे, पण गोष्टीचे काय?

नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून आणलेली एक नवी कादंबरी नुकतीच वाचून झाली. गोदाकाठच्या एका वाड्याची ती कथा आहे. पुराचे पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीपर्यंत चढत जाते, ते वर्णन इतके देखणे आहे की मी ते पुन्हा वाचले. मात्र ज्या निर्णयामुळे वाडा विकला जातो आणि भावाभावांतले संबंध कायमचे तुटतात, तो थोरल्या सुनेचा निर्णय लेखकाने एका परिच्छेदात उरकला आहे. तिने तो का घेतला, हे शेवटपर्यंत कळत नाही. पान उलटले की पुन्हा पाऊस सुरू होतो.

अशा पुस्तकांविषयी 'भाषा फार तरल आहे' असे म्हणून आपल्याकडे विषय संपवला जातो, ते मला मान्य नाही. कथनातली ढिलाई हा किरकोळ दोष नव्हे. पात्राच्या मनाचा ठाव लेखकाने घेतलाच नाही, असा तिचा अर्थ होतो. या कादंबरीतली कितीतरी सुंदर वाक्ये पहिल्या प्रकरणातून उचलून शेवटच्या प्रकरणात ठेवली, तरी काहीही बिघडणार नाही, कारण मधल्या काळात कोणाच्याही आयुष्यात काही घडलेले नाही.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी' या कादंबरीत (१९५५) वाक्ये साधी, आखूड आहेत. तरीही दुष्काळात माणसे वाडी सोडून निघतात तेव्हा गलबलून येते, कारण तोवर वाडीवर शिकवायला आलेल्या तरुण मास्तराबरोबर आपणही तिथे राहिलेलो असतो. माझा विरोध भरजरी भाषेला नाही. आपल्या नाशिकच्या बाबूराव बागुलांची भाषा चांगलीच धगधगती आहे. पण 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेत खोली मिळावी म्हणून जात लपवणाऱ्या रेल्वे कामगाराची भीती सतत वाढत जाते आणि प्रत्येक वाक्य त्या भीतीला बांधलेले असते. नुसत्या घटनांची गर्दीही मला नको आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' या कादंबरीत (१९६३) रूढ अर्थाचे कथानक नाही, तरी धाकट्या बहिणीच्या मृत्यूनंतर तिचा नायक पांडुरंग सांगवीकर आधीचा राहत नाही.

म्हणून परीक्षणे लिहिणाऱ्या मित्रांना विनंती आहे की भाषेचे कौतुक जरूर करावे, पण पात्र असे का वागले, हेही लेखकाला स्पष्टपणे विचारावे. संपादकांनी तर हस्तलिखित हाती असतानाच विचारावे, कारण तेव्हा ते प्रकरण पुन्हा लिहिता येते.